शापाची गोष्ट आता पुरे

आज कोथरूडला लहान मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम होता. ‘सातपुड्यातली आदिवासी गोष्ट’ म्हणून काय सांगितलं? पावरा जमातीचा मुलगा लंगडतो, कारण पूर्वजाला शाप. शेवटी जंगलातली मुळी खातो नि धावत सुटतो. टाळ्या!

डोकंच फिरलं. नंदुरबारकडे मूल असं लंगडत असेल तर सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तपासायला नको? लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, ते खचतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 अपंगत्वांत हा आजार आहे. आणि शाप कसला? वाहक माणसं, म्हणजे आजाराचा एकच जनुक असलेली, मलेरियात जास्त तगली, म्हणून तर जंगलपट्ट्यात हा टिकला.

मुलांना हे कळणार नाही म्हणे. अहो, चिंचोके घ्या! आईच्या झोळीत दोन, बापाच्या झोळीत दोन. दोघांकडे एक अख्खा, एक दगडावर घासून पांढरा केलेला; पांढरा म्हणजे आजाराचा जनुक. दोन्ही झोळ्यांतून एकेक पाडायचा. दोन्ही पांढरे पडले तरच आजार, म्हणजे चारांत एक शक्यता. एकच पांढरा तर वाहक, तो बहुधा ठणठणीत. हात घालू द्यायचा नाही, सपाट बाजू बोटांना कळते नि पोरं लबाडी करतात. गटात अंध मूल असेल तर निकाल त्यालाच चाचपून सांगू दे. आणि पाडलेला चिंचोका परत झोळीत टाकायचाच! नाहीतर मुलं समजतात, एका भावाला झालं म्हणजे बाकीचे सुटले. दर बाळाला डाव नव्याने.

बरं, मुळीची गोष्ट पाड्यावरचीही असेल. भगताच्या फेऱ्यांत दवाखाना लांबतो, तेही मान्य. पण मग तिथल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या पावरी बोलीत सांगू द्या ना, शेजारी मराठी सांगणारं कुणी बसवा. तिथल्या अशा लंगडणाऱ्या मुलालाही विचारा: तुझ्या वाट्याला काम कुठलं, सोबती थांबतात का? गोष्टीतल्या मुलाच्या कमरेला पाण्याची बाटली हवी, थंडीत नदीत डुंबायला नकार हवा, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना हवा. पाणी कमी पडलं, गारठा लागला की कळा उठतात. गोष्टीतलं खरं संकट ते. मुळी नको. शेवटी तो लंगडतच घरी येऊ दे, शेळ्या मोजून.

इंदल या पावरांच्या पूजेच्या रात्रीची गाणी मात्र उचलू नका. ती देवाची आहेत.

गोष्ट सांगणाऱ्या ताईंचा आवाज सुरेख होता, खरं सांगते. पोरं जागची हलली नाहीत. म्हणून तर जीव जळतो. ताई, हे वाचत असाल तर पुढच्या खेपेला चिंचोके माझ्याकडून.