जरा हाताने केल्यासारखं

आमच्या आर्किटेक्ट सरांना हल्ली खरी दिसणारी इमारत नको असते, खरं दिसणारं मॉडेल हवं असतं. तेही कॉम्प्युटरवरच करायचं, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की टेबलावर सनबोर्डचं, म्हणजे फोमच्या पांढऱ्या बोर्डाचं मॉडेल ठेवून कुणी फोटो काढलाय. "जरा हाताने केल्यासारखं वाटू दे रे," एवढं सांगून सर साइटवर निघून जातात.

यामागचं कारण कलेचं वगैरे नाही. हुबेहूब रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं फोटोसारखं चित्र दाखवलं की क्लायंट इमारत सोडून सगळं बघतो. पार्किंगमध्ये एवढी साधी गाडी का, बाल्कनीत उभी असलेली बाई कोण, पडदे जांभळे कुणी ठरवले! एक अख्खी मीटिंग गेटापाशी नारळ की अशोक यावर गेली आणि जिन्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पांढऱ्या मॉडेलमध्ये वाद घालायला फारसं काही सापडत नाही.

मग सगळ्याला पांढरा रंग दिला की झालं? मीही तेच केलं. इमारत साबणाच्या वडीतून कोरल्यासारखी दिसायला लागली.

खरी गोम मापात आहे. २१ मीटरच्या इमारतीचा फोटो लांबून काढतात, त्यात पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. २१ सेंटिमीटरच्या मॉडेलला कॅमेरा पार जवळ न्यावा लागतो. पुढचा कोपरा स्पष्ट, मागचा धूसर. म्हणून आधी अख्खा सीन १:१०० ने आकसायचा. आकसला की सहा इंची भिंत दीड मिलिमीटरची होते, आणि आम्ही कॉलेजात सनबोर्ड वापरायचो तो ३ नाहीतर ५ मिलिमीटरचा. मग भिंती जाड करा. ५ मिलिमीटरच्या हिशेबाने टू बीएचकेची भिंत अर्धा मीटर भरते. कार्पेट एरिया विचारू नका. रेलिंगचा ४० मिलिमीटरचा पाइप होतो ०.४ मिलिमीटर. तो कटरने कापणारा माईचा लाल अजून जन्माला यायचाय, म्हणून रेलिंग उडवून तिथे अ‍ॅक्रिलिकची पट्टी.

त्यानंतर कडा. कॉम्प्युटरची कड इतकी धारदार असते की तिच्यावर उजेड थांबतच नाही. खऱ्या बोर्डाची कड किंचित बोथट असते आणि तिथे उजेडाची बारीक रेघ चमकते. म्हणून कड न् कड चॅम्फर करायची, म्हणजे जराशी तासायची. कापलेल्या बाजूला बारीक छिद्रं दाखवायची. प्रत्येक भिंत अर्धा अंश तिरकी करायची आणि कोपऱ्यात केसभर फट ठेवायची. सबमिशनच्या रात्री याच फटीत आम्ही फेविकॉल कोंबायचो, आणि सकाळी ज्युरीतले सर तिच्यात स्टीलच्या पट्टीचं टोक घालून "हे काय?" म्हणून मार्क कापायचे. आता तीच फट मुद्दाम ठेवायचा मला पगार मिळतो.

माझं सगळ्यात आवडतं काम फेविक्विकचं. अ‍ॅक्रिलिक चिकटवताना त्याची वाफ सांध्याच्या आजूबाजूला पांढरट धुकं धरते, आणि पुसायला जावं तर आणखी पसरतं. हे धुकं मी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हलक्या हाताने रंगवतो. पानंपान मोजता येतील अशी झाडं डिलीट करून तारेवर स्पंजचे गोळे लावतो. सूर्य काढून टेबल लॅम्प टांगतो.

मायकेलँजेलोने सेंट पीटर्सच्या घुमटाचं लाकडी मॉडेल १५५८ ते १५६१ मध्ये करून घेतलं. ते अजून व्हॅटिकनमध्ये आहे. चित्र काढून वर 'हे लाकडाचं वाटू दे' असं त्याला कुणी सांगितलं नसावं.

क्लायंट खूश झाला. इतका, की म्हणाला, "मॉडेल छान झालंय, साइट ऑफिसला पाठवून द्या. टेम्पो मी पाठवतो." मॉडेल नाहीच हे त्याला सांगायची सरांची हिंमत होईना. रातोरात मॉडेलवाल्या काकांना फाइल गेली. काकांनी लेझरने कापून, घासून, स्प्रे मारून असं चोख काम दिलं की फटीत कागदसुद्धा जाऊ नये. क्लायंटने चारी बाजूंनी निरखलं आणि म्हणाला, "हे कॉम्प्युटरवर केल्यासारखं वाटतंय हो. आधीचं कुठे गेलं?"

काल काकांचा फोन आला. "साहेब, ते डाग नि फटी कुठे कुठे द्यायच्या त्याचं ड्रॉइंग पाठवा. मापं टाकून."