तो रुग्ण ‘ब्रेन डेड’ नव्हताच

नैराश्यावरच्या गोळ्या एकदम खूप घेतलेल्या रुग्णाला ‘ब्रेन डेड’ (मेंदूचं काम कायमचं थांबल्याने मृत) म्हटलं, तो पुढे शुद्धीवर आला, म्हणजे ब्रेन डेड ही अवयव काढण्यासाठी रचलेली थाप आहे, असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. असे रुग्ण खरोखर बरे झालेत. बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाच्या अतिमात्रेच्या अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

‘मेलेला मेंदू जिवंत झाला.’ तो मेलेलाच नव्हता. या औषधाची मात्रा फार झाली की डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, घशात नळी हलवली तरी खोकला येत नाही, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) जवळजवळ सपाट होऊ शकतो. पेशींचं काम थांबलेलं असतं, पेशी जिवंत असतात. औषध उतरलं की काम पुन्हा सुरू होऊ शकतं.

‘सगळ्या तपासण्या करूनही डॉक्टर फसले.’ मुळात त्या तपासण्यांना हात घालण्याआधीच्या अटी असतात. मेंदूची इजा कशाने झाली आणि ती भरून न येणारी आहे, हे ठाऊक हवं. औषधांचा अंमल नको, शरीर थंड पडलेलं नको. ब्रेन डेडचे निकष मांडणाऱ्या १९६८च्या हार्वर्ड समितीनेही गुंगीची औषधं आणि थंडावलेलं शरीर वगळायला सांगितलं होतं. औषधाचे पाच अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे एक अर्धायुकाल) थांबावं, असा आजचा संकेत आहे. बुप्रोपिऑनचा अर्धायुकाल साधारण २१ तास, म्हणजे चार दिवसांहून जास्त. हळूहळू विरघळणारी गोळी असेल किंवा यकृत-मूत्रपिंड थकलेलं असेल, तर आणखी. सीटी स्कॅन जवळपास नॉर्मल आणि प्रतिक्षेप (शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया) मात्र एकही नाही, ही विसंगती दिसली की थांबलंच पाहिजे. शंका उरली तर मेंदूचा रक्तपुरवठा तपासतात. तो पूर्ण थांबलेला नसेल, तर मृत्यू जाहीर करता येत नाही.

‘म्हणून या गोळ्या बंद करा.’ डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत असं होत नाही. मनानेच गोळ्या सोडल्या तर नैराश्य परत येऊ शकतं.

‘लघवीच्या तपासणीत काही आलं नाही, म्हणजे औषधाचा संबंध नाही.’ मला सगळ्यात घातक वाटतं ते हे वाक्य. नेहमीच्या तपासणीत बुप्रोपिऑन शोधलंच जात नाही; उलट कधी कधी ती चुकून अँफेटामिन हे उत्तेजक औषध दाखवते. खरा सुगावा घरात असतो: रिकामी पाकिटं, बाटल्या, जुनं प्रिस्क्रिप्शन, शेवटचं बोलणं किती वाजता झालं. लोक काय म्हणतील म्हणून हे लपवू नका. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सगळं त्यांच्यासमोर ठेवा.