मालकाची रजा नामंजूर

स्वतःचा धंदा आहे म्हटलं की लोक हमखास एक वाक्य बोलतात, "मजा आहे बुवा तुझी, कधीही सुट्टी घेऊ शकतोस." हे बोलणारे सगळे नोकरीवाले असतात आणि बोलताना बहुतेक ते स्वतः सुट्टीवर असतात, म्हणून तर माझ्याकडे येऊन गप्पा मारायला त्यांना वेळ असतो. आणि मी मान डोलावत कटिंग मशीनला पेपर लावत असतो.

माझं छपाईचं छोटं युनिट आहे. व्हिजिटिंग कार्ड, ब्रोशर, लेबलं, बिलबुकं, स्टिकर असली कामं. मदतीला एक पोरगा आहे, बाकी मालक मी, डिझायनर मी, सेल्समन मी, वसुलीवाला मी आणि पोरगा आला नाही की झाडू मारणारा पण मीच. एचआर डिपार्टमेंट पण माझ्याकडेच आहे. पोराने रजा मागितली की हे एचआर हसतमुखाने "जा रे, जाऊन ये" म्हणतं, पण मी रजा मागितली की त्याच एचआरच्या कपाळाला आठ्या, लगेच ऑर्डरची वही काढणार, उधारी दाखवणार, वर आवाज खाली आणून विचारणार की आत्ताच जायला हवंय का? इतका खडूस साहेब मी नोकरीत असताना सुद्धा पाहिला नव्हता आणि त्याची कंप्लेंट करायची तर ती पण माझ्याकडेच येणार.

वर्षभर हे खपून जातं. उन्हाळ्यात शाळा बंद होतात आणि मग घोळ सुरू होतो. बायको नोकरी करते, तिची रजा कधीच सिस्टीममधे टाकून, मंजूर होऊन, तिच्या जागी कोण बसणार ते सुद्धा ठरलेलं असतं. मग ती विचारते, "तुझं काय?" मी म्हणतो, "बघू, एवढी एक ऑर्डर जाऊ दे." ही जी एवढी एक ऑर्डर आहे ना ती आमचं लग्न झाल्यापासून जातेच आहे.

बरं उन्हाळा म्हणजे आमच्याकडे एक तर कामाचा पूर असतो नाही तर दुष्काळ. पूर असला की जाता येत नाही कारण काम आहे, आणि दुष्काळ असला की जाता येत नाही कारण पैसे नाहीत. मधली स्थिती कागदावर शक्य आहे. शिवाय युनिटचं भाडं, मशीनचा हप्ता, पोराचा पगार, यातलं कोणीच उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही, दार बंद असलं तरी ते सगळे आपापल्या तारखेला हजर.

एका रात्री चिडून मी गूगलवर शोधायला बसलो की रजेचा काही हक्कबिक्क असतो की नाही माणसाला. असतो! संयुक्त राष्ट्रांनी 1948 साली मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला त्याच्या 24 व्या कलमात चक्क लिहिलंय की प्रत्येकाला विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि ठराविक काळाने पगारी सुट्टीचा हक्क आहे. प्रत्येकाला! मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पगारी म्हणजे, तुला पगार कोण देतं?" तिथे बैठक संपली.

तरी मी पुढे वाचत गेलो, झोप तशीही उडाली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1970 चा एक करार आहे, 132 नंबरचा. वर्षभर नोकरी केली तर कमीत कमी तीन आठवडे पगारी रजा. सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरायच्या नाहीत. रजा तुकड्यांत घेतली तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा एक तुकडा निदान दोन आठवडे सलग हवा. आणि कहर म्हणजे, पैसे घेऊन किंवा असंच ही कमीत कमी रजा सोडून देतो असा करार कोणी केला तर तो एक तर रद्दबातल, नाहीतर त्याला बंदीच. आता हा करार मी दरवर्षी स्वतःशी करतो! पण मला तो लागू नाही कारण तो नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, त्यातनं फक्त खलाशी वगळलेत. मला खलाशांबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली, म्हटलं चला आपल्यासारखं कोणीतरी आहे, तर पुढे कळलं की त्यांच्यासाठी 1976 साली वेगळा करार केला आणि वर्षाला कमीत कमी तीस दिवस रजा दिली. म्हणजे भर समुद्रातल्या माणसाची सोय झाली, भर दुकानातला राहिला.

तर यावर तोडगा म्हणून आमच्याकडे निघालेली आयडिया अशी, की बाबा घरी येत नाहीत ना, मग पोरं बाबांकडे जातील. फॅमिली टाइम पण झाला आणि काम पण. ही आयडिया कोणाची ते मी सांगणार नाही, कारण ती अजून माझ्याशी बोलते.

धाकट्याला कटिंगमधून पडणाऱ्या कागदाच्या पट्ट्या फार आवडतात. कटरच्या आसपास फिरकायचं नाही असा दम दिल्यावर त्याने वाया गेलेल्या स्टिकरच्या शीटकडे मोर्चा वळवला, मग माझ्या खुर्चीवर, कीबोर्डवर, पोराच्या हेल्मेटवर आणि एका गिऱ्हाइकाच्या बॅगेवर "नाजूक वस्तू, जपून हाताळा". गिऱ्हाईक तसंच निघून गेलं, आम्ही कोणीच काही बोललो नाही. पण खरी कमाल मोठीची. ती काउंटरला बसली. दहा वर्षांची पोरगी, समोर वही, कानावर पेन्सिल. कोणी विचारलं की आमचं काम कुठवर आलं, तर मी वर्षानुवर्षं जे वाक्य घडवलंय, "मशीनवरच आहे, आज उद्या होऊन जाईल", ते न बोलता ती सरळ म्हणायची, "ते अजून सुरूच नाही केलं." मी आतून खोकायचो. ती वर, "बाबा, खरंच नाही केलं ना?"

याच पोरीने मात्र एक उधारी वसूल केली. एक गृहस्थ आहेत, माणूस सज्जन, फक्त पाकीट काढायचं म्हटलं की त्यांना फोन येतो. आले, गप्पा झाल्या, निघाले. तर ही वहीत बघून म्हणाली, "काका, तुमच्या नावापुढे तीन पानं लाल पेनाने लिहिलंय, ते का?" आवाजात काही नाही हो, निव्वळ कुतूहल. काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्यांनी तिथल्या तिथे उभ्या उभ्या फोनवरनं पैसे पाठवले आणि तिला शाब्बास म्हणून गेले. संध्याकाळी तिने कमिशन मागितलं. मी म्हटलं काय पाहिजे, तर म्हणाली समुद्र.

आता वसुली अधिकाऱ्याला नाही म्हणता येत नाही. ठरलं.

आणि आमची तारीख ठरली हे गावभर कसं पसरतं कळत नाही, पण पसरतं. जी माणसं सहा सहा महिने फिरकत नाहीत त्यांना नेमक्या त्या आठवड्यात कार्डं हवी असतात. त्यातले एक साहेब ब्रोशर घेऊन आले. सोमवारी सकाळी हवेच, प्रदर्शन आहे, नाहीतर माझी इज्जत जाईल. आम्ही शनिवारी पहाटे निघणार होतो. लोगो पाठवा म्हटलं तर त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला, स्क्रीनशॉटमधून कापलेला. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, यांच्या लोगोत ठिपके मोजून नावानिशी ओळखता आले असते. ओरिजिनल फाइल मागितली तर त्यांनी तोच फोटो परत पाठवला, या वेळी खाली "ओरिजिनल" असं लिहून. शेवटी मी बसून लोगो पहिल्यापासून काढला. शुक्रवारी रात्री घरात बॅगा भरणं चालू होतं आणि मी युनिटमधे शाई सुकायची वाट बघत बसलो होतो, कारण ओल्या शाईवर लॅमिनेशन धरत नाही, नंतर फोड येतात, आणि शाईला काय घेणंदेणं की सकाळची गाडी कितीची आहे. बायकोचा मेसेज आला, "तुझे कपडे मी भरले. तू स्वतः येणार आहेस की फक्त कपडे न्यायचे?"

खोकी पट्टी मारून तयार झाली, वर नाव टाकलं, आणि मग पोराला हँडओव्हर. म्हणजे काय तर सगळा धंदा माझ्या डोक्यात आहे हे त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं. मशीनने पेपर ओढला नाही तर गठ्ठा बाहेर काढून मोकळा कर, तरी नाही ओढला तर रोलर पूस, तरी नाही तर डाव्या बाजूचं झाकण उघडून परत लाव, जोरात नाही, पण हळू पण नाही. अमुक गिऱ्हाइकाला रेट सांगू नको, तमुकला सांगितल्याशिवाय हात लावू नको. पासवर्ड? पासवर्ड माझ्या बोटांना पाठ आहे, तोंडाने सांगता येईना, मग टाइप करत करत बोटं बघून लिहून दिला. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही बिनधास्त जा." या वाक्यानंतर मला रात्रभर झोप नाही.

समुद्रावर बायकोने नियम केला, सकाळी एक तास फोन, बाकी फोन तिच्या पर्समधे. नियम चांगला होता. फक्त गिऱ्हाइकांना कोणी तो कळवला नव्हता. बिझनेस व्हॉट्सअॅपवर मी मेसेज लावून ठेवला होता की सुट्टीवर आहे, अमुक तारखेनंतर भेटू, तर लोक तो वाचून "हॅपी हॉलिडेज" लिहायचे आणि खालच्याच ओळीत "तेवढं प्रूफ बघता का?" एका लेबलवाल्याने तर फोनच केला, रंग फिका वाटतोय म्हणे. मी डोक्यावर टॉवेल घेऊन, उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून, त्याला समजावतोय की स्क्रीनचा रंग हा उजेडाचा असतो, लाल हिरवा निळा मिळून, आणि कागदावर चार शाया असतात, कागद आतून पेटत नाही हो, त्यामुळे तुमचा तो झगझगीत हिरवा कागदावर थोडा बसका दिसणारच, आणि इकडे धाकटा माझे पाय वाळूत पुरतोय. गुडघ्यापर्यंत पुरून झालं तरी हिरव्यावर एकमत नाही. शेवटी त्याला म्हटलं ब्राइटनेस कमी करून बघा. त्याने बघितलं, म्हणाला अरे हो, आता बरोबर दिसतंय. म्हणजे अजून फिका दिसल्यावर पटलं. असो.

पण मला खरा छळत होता तो ब्रोशरवाला, कारण त्याचा फोनच आला नव्हता. सोमवार दुपार झाली. पोराला विचारलं, तो म्हणाला, "सर, कोणी न्यायला आलं नाही अजून." मंगळवारी पण तेच. झायगार्निक नावाच्या एका बाईंनी 1927 साली प्रयोग करून मांडलं होतं की पूर्ण झालेलं काम माणूस विसरतो आणि अर्धवट राहिलेलं डोक्यात घोळत राहतं. नंतर काहींना तसा निकाल मिळाला नाही म्हणतात, त्यांनी माझ्यावर प्रयोग करायला हवा होता. माणूस पोरांबरोबर पाण्यात उभा आहे, लाट येतेय, पोरगी ओरडतेय "बाबा उडी मारा", आणि याच्या डोक्यात, प्रदर्शन सुरू झालं असेल, न्यायला येणारा पत्ता चुकला का, फोन बंद होता का, साहेबांची इज्जत गेली का? उडी चुकायची, खारं पाणी नाकात. पोरं हसून लोळायची. त्यांना वाटलं बाबा मुद्दाम करतायत, माझी विनोदाची बाजू त्यांना त्या दिवशी नव्याने कळली आणि मी पण ते तसंच ठेवलं.

परत आलो तर खोकी जागच्या जागी, दारातच, माझी खुर्ची पण ओढता येत नव्हती. पोरगा निवांत, मशीन ठणठणीत, उलट एक नवीन गिऱ्हाईक आलेलं, ते त्यालाच "सर" म्हणत होतं. मी साहेबांना फोन लावला, बंद. ऑफिसला लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "ब्रोशर का? ते प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे ना. सर म्हणाले आधीच करून टाकू, डोक्याला ताप नको, मग फॅमिलीबरोबर शांतपणे जाता येईल." आणि बिल? "ते सर आल्यावरच, आणि अकाउंट्सचे पण सुट्टीवर आहेत."

मी साहेबांना मेसेज टाकला की माल तयार आहे. लगेच ऑटोमॅटिक उत्तर आलं, की मी सध्या कुटुंबासोबत असून कामाचे फोन घेत नाही, कृपया सहकार्य करावे. खाली बर्फाच्या डोंगरासमोर सगळ्यांचा फोटो. एवढा स्पष्ट, एवढा मोठा फोटो त्या माणसाने मला आजपर्यंत कधी पाठवला नव्हता. मजकूर तेवढा कॉपी करून ठेवलाय.