काकांचा हातभार

माझी दहाही बोटं शाबूत आहेत. आधीच सांगतो, कारण रविवारपासून सोसायटीत जो भेटतो तो बोटंच मोजतो. फळीचं काय झालं, हे एकानेही विचारलेलं नाही.

गावच्या वाड्याच्या तुळईतून काढलेली सागाची फळी, दोन इंच जाड. तिचं टोक गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, कापून टीपॉय करायचा होता. त्यासाठी ट्रॅक सॉ घेतला, म्हणजे रुळावरून सरकवत सरळ कापायची विजेची गोल करवत. (घरी किंमत अर्धीच सांगितली आहे.) खोक्यावर लिहिलेलं, कापण्याची खोली 55 मिलिमीटर. मशीन रुळावर बसवलं की त्यातले 5 रूळच खातो. उरले 50. दोन इंच म्हणजे 50.8! ते पॉइंट आठ कोणी कापायचे, खोकं छापणाऱ्याने? वखारवाला सुतात बोलतो (आठ सूत म्हणजे एक इंच), मशीन मिलिमीटरमध्ये आणि घरचे पैशात. शेवटी ठरवलं, दोन-तीन फेऱ्यांत जमेल तेवढं कापायचं आणि तळाचा पापुद्रा हातकरवतीने.

पार्किंगमध्ये थर्माकोल अंथरला, त्यावर फळी, फळीवर रूळ, रुळाला दोन क्लॅम्प. प्लायचं बारीक दातांचं पातं काढून मोजक्या दातांचं लावलं, नाहीतर जाड साग कापताना करपतो. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले.

"रूळ टाकलास? गाडी कितीची?"

"काका, तिथे उभे राहू नका. पातं अडकलं तर मशीन मागे उसळतं."

"मागे तू आहेस ना?"

"मी बाजूला उभा आहे. मशीनच्या मागे तुम्ही आहात."

"म्हणजे माझ्या अंगावर येणार?"

"हो!"

"मग मघाशीच बोलायचं," असं म्हणत काका फळीच्या मोकळ्या टोकाशी जाऊन उभे राहिले. चहाचा कप हातात. घरातून कप घेऊन पार्किंगात यायचं, म्हणजे मुक्काम मोठा.

पहिली फेरी लोण्यासारखी गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि काकांना त्या टोकाची दया आली. कप खाली ठेवून त्यांनी ते दोन्ही हातांनी वर उचललं. झालं! काप वरून मिटला, पातं चिमटलं, मशीन रुळावरून मागे सटकलं, एक क्लॅम्प सुटला आणि सरळ कापाला तीन सुतांची खाच पडली.

"लाकूड ओलं असणार," काका म्हणाले.

आजोबांच्या आधीपासून छपराखाली वाळलेला साग! मी काही बोललो नाही. मोठ्या माणसाला काय बोलणार? खाचेच्या आतून पुन्हा कापलं, टीपॉय तेवढा आखूड झाला.

"तो तुकडा टाकूनच देणार असशील तर..." काकांनी कप उचलता उचलता विचारलं. आता तो त्यांच्या वॉशिंग मशीनखाली आहे. मशीन म्हणे अजिबात हलत नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : दुपारी 2 ते 4 कोणीही मशीन चालवू नये, ज्येष्ठांना त्रास होतो. पाठवणारे काका. मी कापत होतो सकाळी अकराला.