बोनसचे बॉक्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि रविवारची सकाळ मोकळी मिळेपर्यंत उत्तर लिहायचं थांबले. दोन ओळींत हातावेगळी करावी अशी ती नव्हती. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पोकेमॉनची किंवा बेसबॉलची कार्डं हौसेने जमवावीत, म्हातारपणाची सोय म्हणून नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं: बेसबॉलपटू मिकी मँटलच्या एका कार्डाने ३१ वर्षांत अडीचशे पट पैसे दिले, ग्रेडिंगमुळे, म्हणजे कंपनीकडून कार्ड तपासून दहापैकी गुण घेण्याच्या पद्धतीमुळे, आता फसवणुकीला जागाच उरली नाही, आणि एफडीच्या वळणात वाढलेली माझ्यासारखी माणसं मराठी पोरांना कायम मागे खेचतात. शेवटी तुम्ही सांगितलंत की पुण्यात राहून यंदाचा अख्खा बोनस तुम्ही पोकेमॉन कार्डांच्या न उघडलेल्या बॉक्सांत घातला आहे. हे शेवटचं वाक्य वाचल्यावर मला राहवलं नाही.

आधी माझी चूक. लेखात मी या व्यवहाराला ‘मटका’ म्हटलं होतं. तुम्हाला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तो शब्द मागे घेते. मटक्यात अभ्यासाला जागा नसते, इथे आहे. आमच्या न्यू जर्सीत शनिवारच्या कार्ड शोमध्ये एक विक्रेता बसतो. कार्ड दिव्याखाली तिरकं धरून दहा सेकंदांत भाव सांगतो आणि त्याचं घर त्यावर चालतं. पण तो धंदा आहे. रोजची घेवाणदेवाण, बांधलेली गिऱ्हाइकं, भाव पडले की माल उचलायची हिंमत. कपाटात बॉक्स ठेवून पाच वर्षं वाट पाहणं ही अगदी वेगळी गोष्ट झाली.

आता मँटल. आकडे तुमचे बरोबर आहेत. १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलेलं ते टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण ते एवढं दुर्मीळ कशामुळे झालं, ते बघा. १९५२ ची कार्डांची शेवटची मालिका, ज्यात हे कार्ड होतं, बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा मोसम सरत आला होता आणि पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो काही वर्षं जमेल तिथे, जमेल त्या भावाने खपवायचा प्रयत्न केला आणि अखेर १९६० च्या सुमारास उरलेली खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली. जी विकली गेली त्यातली बरीचशी पोरांनी खिशात कोंबली, सायकलच्या चाकांत फटफट आवाजासाठी अडकवली, आणि घर आवरताना आयांनी फेकून दिली. कुणीही ती जपली नाहीत, म्हणून उरलेल्यांना भाव आला.

याच्या उलट काय होतं ते आमच्या शेजारी बघायला मिळालं. शेजारचे निवृत्त गृहस्थ घर रिकामं करत होते. गराजमध्ये १९८८ ते १९९१ सालांतली बेसबॉल कार्डांची खोकी, सगळी सीलबंद. मुलीच्या कॉलेजसाठी म्हणून त्यांनी दर वर्षी घेऊन ठेवलेली. त्या काळात अर्ध्या अमेरिकेने हेच केलं होतं, कारण जुन्या मँटलचे भाव पेपरात यायला लागले होते. कंपन्यांनी मागणीप्रमाणे छापलं, लोकांनी जपून ठेवलं, आणि आज त्या काळाला इथले संग्राहक सरळ ‘जंक वॅक्स’ म्हणतात. मेणकागदात गुंडाळलेला रद्दी माल! मुलगी आता चाळिशीची आहे. खोक्यांना दुकानदाराने जो भाव सांगितला तो ऐकून गृहस्थांनी एक खोकं माझ्या लेकीला देऊन टाकलं.

आम्ही त्यातलं १९९० चं एक पाकीट फोडलं. आतली च्युइंगगमची पट्टी बोटं लागताच खडूसारखी तुटली. तिला चिकटून असलेल्या कार्डावर तपकिरी चौकोनी डाग पडला होता. बाकीची कार्डं मात्र कोरी करकरीत, पस्तीस वर्षांनीही. म्हणजे मालात खोट नव्हती. फक्त तो सगळ्यांकडे होता. (त्या संचात बेसबॉलपटू फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर त्याचं नावच छापायचं राहून गेलं आणि ती आज खरोखर महाग आहेत. लेक प्रत्येक पाकिटात तेवढंच शोधते.)

आता तुमच्या बॉक्सांकडे येऊ. पोकेमॉन कंपनीच्याच आकड्यांनुसार मार्च २०२४ पर्यंत जगभरात ६,४८० कोटी कार्डं छापली गेली होती. मार्च २०२५ पर्यंत हा आकडा ७,५०० कोटींवर गेला. एका वर्षात हजार कोटींहून जास्त! चारिझार्ड या पोकेमॉनचं १९९९ च्या पहिल्या आवृत्तीचं कार्ड मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेलं, कारण तेव्हाच्या पोरांनी ते शाळेच्या मैदानात खेळून झिजवलं होतं. आजचा चारिझार्ड पाकिटातून निघतो तो थेट प्लास्टिकच्या कव्हरात जातो. तुम्ही जपताय, मी जपतेय, जपान-अमेरिकेतले लाखो लोक जपताहेत. मग वीस वर्षांनी कमी पडणार कुणाकडे?

ग्रेडिंगबद्दल तुम्ही लिहिलंत की त्रयस्थ कंपनीने तपासून डबी सील केली की शंका मिटली. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने ग्रेड केलेलं सगळ्यात पहिलं कार्ड बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने त्याच वर्षी एका भागीदाराबरोबर ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. त्या कार्डाला दहापैकी ८ मिळाले. कडा इतक्या सरळ की लोक थक्क व्हायचे. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की त्या कडा त्याने स्वतः कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमाने आकडाच मिळत नाही. तुम्ही म्हणाल, कबुलीच्या आधी, २००७ मध्ये, ते २८ लाख डॉलरला गेलंच होतं की. गेलं, कारण ते जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड आहे. आपल्या कार्डाला तसलं नाव पाठीशी नाही, त्यामुळे त्याची कड कापलेली निघाली तर ते संपलं.

माझाही एक अनुभव सांगते. एका कंपनीकडे मी चौदा कार्डं पाठवली होती. मागच्या निळ्या कडेवर पुठ्ठ्याचा पांढरा कण दिसतोय का, हे भिंगातून तासन् तास पाहून निवडलेली. एकालाच १० मिळाले. दुसऱ्या एकाला ८ आले, ते मला पटेना. सीलबंद डबी फोडून कार्ड काढलं, पुन्हा फी भरली आणि काहीच न करता तेच कार्ड तिथेच पाठवलं. या वेळी ९! कार्ड तेच, कोपरे तेच. बघणारा माणूस बहुधा दुसरा होता. आणि ९ व १० यांच्या भावात अनेकदा कित्येक पटींचा फरक असतो. ज्या मोजपट्टीवर तुमचा सगळा नफा उभा, ती अशी हलते.

विकायच्या दिवसाचा तर तुमच्या हिशेबात उल्लेखच नाही. ईबेवर सुमारे १३ टक्के जातात, शिवाय टपाल आणि विमा. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं १९८६ चं कार्ड, पीएसएकडून १० मिळालेलं, जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला विकलं गेलं. वर्षभरात तेच कार्ड, तोच ग्रेड, दोन लाख डॉलरच्या आसपास आलं. पुठ्ठ्याला ना व्याज ना भाडं. पुढचा माणूस जास्त देईल, एवढ्यावरच सगळं उभं असतं.

आणि पुण्याचा पावसाळा. चकचकीत कार्डात एका बाजूला कागद आणि एका बाजूला फॉइल असतं. कागद ओल ओढतो, फॉइल ओढत नाही, आणि कार्ड पापडासारखं वाकतं. बॉक्सचं सील शाबूत असलं तरी आत हे होऊ शकतं. भिंतीला लागून असलेल्या कपाटात बॉक्स ठेवले असतील तर आजच काढा आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. हे मात्र वाद बाजूला ठेवून ऐका.

सगळं विकून टाका असं मी म्हणणार नाही, पैसे तुमचे आहेत. फक्त दिवाळीच्या आत त्यातला एक बॉक्स खरोखर विका. भाव बघू नका, विकाच. गिऱ्हाईक मिळायला किती दिवस लागले, त्याने घासाघीस किती केली, आणि सगळं वजा जाता खात्यात किती रुपये जमा झाले, ते इथेच लिहा. माझा अंदाज चुकला तर तुमचा आकडा मी मूळ लेखात सगळ्यात वर, तुमच्याच शब्दांत छापेन.