मेडिक्लेम, टर्म आणि वीस रुपयांचा विमा: एवढ्यानं भागत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या डॉक्टर, वकील, सीए मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘मेडिक्लेम, टर्म आणि बँकेतला वीस रुपयांचा विमा असेल तर अपंगत्वासाठी वेगळा पैसा घालवू नका, सगळं त्यात येतं.’

मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. घरी आल्यावर चार महिने ओपीडी बंद राहिली, तर गाळ्याचं भाडं, असिस्टंटचा पगार आणि मशिनरीच्या कर्जाचा हप्ता त्यात बसत नाही. टर्म विम्याचे पैसे तर माणूस गेल्यावरच. सोबत रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) असेल तर तो नीट वाचा. काहींत फक्त विम्याचे पुढचे हप्ते माफ होतात, हातात दमडी येत नाही.

वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्या, इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. पण अपंगत्वाचे दोन लाख मिळतात ते अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर, किंवा एक डोळा आणि सोबत एक हात किंवा एक पाय गेला तर. एकच गेला तर एक लाख. दातांच्या डॉक्टरचा नुसता उजवा अंगठा गेला तर शून्य.

‘मग मोठी अपघात पॉलिसी काढा, विषय संपला,’ असं मेसेजखाली कुणीतरी लिहितंच. खरी गोम इथंच आहे. ही पॉलिसी अवयवाचा दर लावते, तुमच्या धंद्याचा नाही. बऱ्याच पॉलिसींच्या तक्त्यात अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर 25 टक्के, तर्जनीची तिन्ही गेली तर 10 टक्के. म्हणजे 50 लाखांच्या विम्यात अंगठ्याचे साडेबारा लाख, आणि सर्जरी मात्र कायमची बंद. ‘कायमचं पूर्ण अपंगत्व’ म्हणजे बहुधा कुठलंच काम करता न येणं. कॉलेजात शिकवता येत असेल तर क्लेम अडतो. कंपवात किंवा झटक्यानं आलेला अर्धांगवायू हे आजार, त्यामुळे अपघात पॉलिसीत काहीच नाही. क्रिटिकल इलनेस म्हणजे गंभीर आजारांच्या पॉलिसीत ठरलेल्या यादीतले आजारच येतात, आणि पॉलिसी घेतल्यापासूनचे पहिले 90 दिवस सहसा वगळलेले असतात.

अपघात पॉलिसीसोबत तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता मागून घ्या. तो बहुधा वेगळा जोडावा लागतो. सरल सुरक्षा विमा या प्रमाणित अपघात पॉलिसीत तो आठवड्याला विमा रकमेच्या 0.2 टक्के, म्हणजे 50 लाखांवर दहा हजार. इतर पॉलिसींत अनेकदा उत्पन्नाची मर्यादा असते आणि उत्पन्न म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नमधलं. तिथं आकडा आखडता घ्यायची सवय इथं महागात पडते. भत्ता चालू असताना दवाखान्यात तासभर बसून नुसता सल्ला दिला, तरी तुमच्या सहीचं प्रिस्क्रिप्शन क्लेमच्या आड येतं.

प्रपोजल फॉर्ममध्ये व्यवसाय जसा आहे तसाच लिहा. वकिली करता करता शिरोलीतल्या फौंड्रीतही उभे राहत असाल, तर तेही लिहा. आजारपणाचं भोक उरतंच, म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचा खर्च एफडीत वेगळा ठेवा. अपघात झालाच तर कंपनीला लगेच लेखी कळवा. रस्त्यावरचा असेल तर एफआयआर आणि पंचनाम्याच्या नकला, पहिल्या दिवसाचे एक्स-रे, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं कामावर न जाण्याचं पत्र जपून ठेवा. अपंगत्व कायमचं असेल तर सरकारी दाखल्यासाठी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. पॉलिसीत दाखला सादर करायची मुदत किती दिली आहे, ते आधी पाहून ठेवा.