तिसरी लाल टिक अस्तित्वातच नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरून फिरून येतो. उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन कॉलचे नवे नियम लागू होणार. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, सगळे मेसेज तपासले जाणार, तुमचा फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार. मग टिकांचा तक्ता: दोन निळ्या आणि एक लाल दिसली तर सरकार कारवाई करू शकतं, तिन्ही लाल झाल्या तर कारवाई सुरू, लवकरच कोर्टाचं समन्स. सरकारविरुद्ध लिहिलंत तर वॉरंटशिवाय अटक, आणि ग्रुपमध्ये कोणी काही टाकलं तर अ‍ॅडमिन आत. पीआयबी म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकने हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. तरी तो थांबत नाही, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

आधी टिका. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनवरून सर्व्हरपर्यंत गेला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे वाचला. निळा रंग नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. तिसरी टिक आणि लाल रंग कधीच आले नाहीत. खरी पाळत खूण दाखवून येत नसते. २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघड झालं तेव्हा भारतातल्या काही पत्रकारांना आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांना आपल्या फोनवर हल्ला झाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने कळवल्यावरच समजलं. पेगॅससने मेसेज वाटेत वाचले नव्हते, थेट फोनमध्येच शिरकाव केला होता.

वाटेत वाचणं का जमत नाही? एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर आणि कॉल पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. किल्ल्या त्या दोन फोनमध्येच असतात, कंपनीकडे नसतात. ‘सगळे मेसेज तपासणार’ हा दावा इथेच कोसळतो. पण म्हणून सगळंच झाकलेलं आहे असंही समजू नका. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात ही माहिती मजकुरापेक्षा वेगळी असते आणि तिला हे कुलूप नसतं. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप तुम्ही स्वतः सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केल्याशिवाय तसा सुरक्षित होत नाही. ही सोय २०२१ पासून आहे आणि ती आजच चालू करा. आणि समोरच्याने तुमचा मेसेज रिपोर्ट केला तर तो कंपनीपर्यंत जातोच.

साध्या फोन कॉलचंही तसंच आहे. कोणी कोणाला, कधी, कोणत्या टॉवरवरून फोन केला याची नोंद टेलिकॉम कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते. ती नोंद म्हणजे तुमचं बोलणं नव्हे. बोलणं ऐकायचं तर ठरावीक व्यक्तीसाठी किंवा क्रमांकासाठी लेखी आदेश लागतो आणि तो सर्वसाधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांकडून येतो. एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० दिवस. हा अधिकार फार मोठा आहे आणि त्यावर न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. पण शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या एकदम ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तसा कोणताही नियम नाही.

आता अटकेचा मुद्दा. हा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण लोकांची तोंडं यानेच बंद होतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली, आणि पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ होतं. त्रासदायक किंवा आक्षेपार्ह वाटेल असा मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलम रद्द केलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि ते थांबवण्यासाठी न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. सरकारवर टीका करणं हा गुन्हा नाही. धर्म-जातींत तेढ लावणं, दंगल भडकेल अशी अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. फॉरवर्ड या दोहोंतली रेषा पुसून टाकतो, म्हणून तो मला घातक वाटतो.

अ‍ॅडमिनबद्दल तर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला: कोण काय टाकणार हे अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही.

राहिलं समन्स. कोर्टाचं समन्स भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं, पण त्यावर न्यायालयाचा शिक्का किंवा डिजिटल सही असावी लागते. आणि चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती कायदेशीर बजावणी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगायला हवं. सरकार आपले मेसेज बघतंय यावर ज्याचा विश्वास बसला आहे, त्याला उद्या खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणाला की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, तर तो घाबरून खातं रिकामं करून देईल. डिजिटल अटक कोणत्याही कायद्यात नाही. असा कॉल आला तर फोन ठेवायचा आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.